आधी साहेबांना शिकवा

भावनिक बुद्धिमत्तेच्या नावाखाली आपल्या कार्यालयांत जे शिकवलं जातं त्याला माझा विरोध आहे. विषय मोलाचा आहे म्हणूनच विरोध आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, त्यामागची कारणं समजून घेणं आणि त्याप्रमाणे वागणं, ही माणसाने आयुष्यभर कमवायची गोष्ट आहे. तिचं आपण काय केलं? खालच्या माणसाकडून ती सक्तीने वसूल करायची आणि वरच्याला पूर्ण माफ करायची, असा रिवाज पाडला. ज्याच्या हातात बदली, बढती आणि पगारवाढ आहे तो ओरडतो, चारचौघांत टोचून बोलतो, मनात आलं तर आठवडाभर अबोला धरतो. ज्याच्या हातात यातलं काही नाही त्याने मात्र संयम ठेवायचा, साहेबांचा मूड ओळखायचा, शब्द तोलून बोलायचं, आणि रात्री झोप लागत नसेल तर डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा. ही बुद्धिमत्ता नव्हे. ही मुस्कटदाबी आहे, आणि ती आपण शिक्षण म्हणून खपवून घेत आहोत.

माझी नोकरी बँकेतली. सुरुवात काउंटरवर केली, पुढे अधिकारी झाले, तालुक्याच्या गावांतल्या शाखांमध्ये उमेदीची वर्षं खर्ची घातली. म्हणून दाखले बँकेचे देते. पण शाळेतल्या बाईंना, दवाखान्यातल्या सिस्टरला, एसटीच्या कंडक्टरला आणि आयटीतल्या पोरापोरींना यातलं काही परकं वाटणार नाही.

आधी तो प्रशिक्षणाचा वर्ग पाहा. एका वर्गात प्रशिक्षकाने सगळ्यांना एकेक रंगीत कागद वाटला. ज्या गोष्टीचा राग आहे ती लिहा, कागद चुरगळा, मधल्या टोपलीत टाका आणि मोकळे व्हा, असा तो खेळ. माझ्या शेजारी बसलेल्या ब्रँच मॅनेजरने काहीच लिहिलं नाही. आदल्या संध्याकाळी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, जिल्ह्यातल्या सगळ्या शाखा ऐकत असताना, विमा पॉलिसींचा आकडा कमी पडला म्हणून त्याला सुनावलं गेलं होतं, "घरी जाऊन पोरांना सांगा, तुमचा बाप फुकटचा पगार खातो." त्याने तो कोरा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. प्रशिक्षकाने ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, सोडून द्यायला शिकलं पाहिजे. राग धरून ठेवला की नुकसान आपलंच होतं." माणूस गप्प बसला. ते वाक्य फेकणारा वरिष्ठ त्या वर्गात नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. ज्याने अपमान केला तो आपल्या केबिनमध्ये आणि ज्याचा झाला तो सुधारणेसाठी वर्गात, हा न्याय आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे की त्या दिवशी सभागृहातल्या एकालाही तो खटकला नाही.

अशा वर्गात पडद्यावर एक वाक्य हटकून येतं: यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के आणि भावनिक बुद्धिमत्तेचा ८० टक्के. हे वाक्य चुकीचं आहे. लेखक डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या १९९५ च्या गाजलेल्या पुस्तकात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असं म्हटलं होतं आणि उरलेलं इतर अनेक गोष्टींवर सोडलं होतं. त्या इतर गोष्टींत कुणाच्या पोटी जन्मलो इथपासून नशिबापर्यंत सगळं येतं. ते अख्खे ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या नावावर चढवले ते पुढच्या लोकांनी. गोलमन यांनी स्वतः या विपर्यासावर नंतर आक्षेप घेतला आहे. पण प्रशिक्षणाचा बाजार त्याच वाक्यावर चालतो, कारण ते सोयीचं आहे. यश तुमच्या मनावर अवलंबून आहे असं एकदा ठरलं की अपयशाचा जाबही तुमच्या मनालाच विचारता येतो. शाखेत माणसं कमी आहेत, टार्गेट अवाच्या सवा आहे, सर्व्हर दुपारपर्यंत बंद होता, याबद्दल मग कुणाला काही विचारावं लागत नाही.

मूळ कल्पना यापेक्षा कितीतरी प्रामाणिक होती. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ती मांडली आणि पुढे तिच्यात चार क्षमता सांगितल्या. भावना अचूक ओळखणं ही पहिली. विचार करताना भावनेची मदत घेणं ही दुसरी. ती कशातून उगवते आणि कशात बदलते हे समजणं तिसरी, आणि तिचं नियमन करणं चौथी. आपल्या वर्गांत यातली फक्त चौथी शिकवतात, तीही मोडूनतोडून. नियमन म्हणजे दाबून टाकणं, एवढाच अर्थ शिल्लक ठेवला आहे. पहिल्या तीन क्षमता खरोखर शिकवल्या तर माणूस आपला राग नीट ओळखेल, त्याचं कारण शोधेल, आणि ते कारण केबिनमध्ये बसलेलं सापडेल. ते कुणालाच परवडणारं नाही.

आपल्याला जे शिकवलं जातं त्याचं खरं नाव आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी गोलमन यांच्या पुस्तकाच्या बारा वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. त्यांचं 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक १९८३ चं. त्यांनी विमानातल्या परिचारिकांचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास केला. एकीला हसण्याचा पगार, दुसऱ्याला दरडावण्याचा. मनात असो वा नसो, ठरलेली भावना चेहऱ्यावर आणायची आणि आपल्यात ती खरोखर उपजवायची, हेही श्रमच आहेत असं त्यांनी दाखवलं. हमालाच्या पाठीला जसे श्रम पडतात तसे हे मनाला पडतात.

बँकेत ही दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेतली जातात. सकाळी काउंटरवर हसून विमा गळ्यात मारायचा, दुपारी एनपीएच्या, म्हणजे थकीत कर्जांच्या, यादीतल्या घरासमोर जाऊन उभं राहायचं. ज्या शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाला आहेर केला त्याच्याच ओट्यावर बसून, "काका, व्याज तरी भरा, माझ्यावर येतंय," असं म्हणायचं. संध्याकाळी पुन्हा व्हीसी. कर्जदाराला वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं. योग्यच केलं. पण वसुलीचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला रात्री १० वाजता "आजचा आकडा बोला" म्हणून फोन येतो, त्याला कुठलं परिपत्रक अडवतं? कर्ज थकवणाऱ्याची रात्रीची झोप नियमाने राखलेली आहे. नोकरी करणाऱ्याची राखलेली नाही.

डॅना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन या संशोधकांनी २०१० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. ज्या नोकऱ्यांत हे मनाचे श्रम फार पडतात तिथे भावनिक बुद्धिमत्तेचा कामाला उपयोग दिसतो. ज्यांत ते पडत नाहीत तिथे दिसत नाही, उलटाच संबंध दिसतो, असं त्यात आढळलं. म्हणजे सिस्टरला, शिक्षिकेला, काउंटरवरच्या क्लार्कला हे कौशल्य लागतं आणि त्यांच्याजवळ ते असतं. मग कौशल्य आहे तर त्याचं मोल द्या. कॅशियरला रोकड हाताळण्याचा भत्ता मिळतो, कारण ती जोखीम बँकेला दिसते. दिवसभर लोकांचा संताप हाताळणारीला काय मिळतं? वर्षाअखेरच्या शेऱ्यात 'स्वभाव सौम्य' एवढे दोन शब्द.

आता साहेबांकडे येते. "साहेब तापट आहेत हो, पण मनाने फार चांगले." हे वाक्य मी प्रत्येक शाखेत ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. तापटपणा हा जर स्वभाव आहे आणि त्याला इलाज नाही, तर तो जनरल मॅनेजर समोर आल्यावर कुठे जातो? तिथे हेच साहेब दोन पावलं मागे उभे राहतात, अर्ध्या वाक्यावर मान डोलावतात, पाण्याचा ग्लास स्वतः पुढे करतात. म्हणजे राग आवरता येतो. कुणासमोर आवरायचा आणि कुणासमोर सोडायचा, हेही बरोबर कळतं. भावना ओळखण्याची आणि आवरण्याची क्षमता या माणसांत भरपूर आहे. ती खालच्यांसाठी वापरायची नाही एवढंच त्यांनी ठरवलं आहे. म्हणून त्यांना अडाणी समजून सवलत देऊ नका. ते जाणूनबुजून वागतात.

जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याची चित्रफीत देशभर फिरली. ऑनलाइन बैठकीत तो हाताखालच्या लोकांवर टार्गेटसाठी अक्षरशः किंचाळत होता. बँकेने त्याला निलंबित केलं. देशातल्या बँकवाल्यांना त्या चित्रफितीचं नवल वाटलं नाही, कारण अशा बैठका त्यांनी बसून ऐकल्या आहेत. फरक इतकाच की या वेळी कुणीतरी रेकॉर्डिंग बाहेर दिलं. शिक्षा त्या वागण्याची झाली की ते चव्हाट्यावर आल्याची, याचं उत्तर ज्या बैठका रेकॉर्ड झाल्या नाहीत त्यांत शोधा. तिथे तीच माणसं त्याच खुर्च्यांवर आहेत आणि 'रिझल्ट देणारा अधिकारी' म्हणून बढत्या घेत आहेत.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी गेली. नोकरीला लागून चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं: कामाच्या ओझ्याने लेक खचली होती, आणि तिच्या अंत्यविधीला कार्यालयातलं कुणी आलं नाही. कामाच्या ताणाने मृत्यू ओढवला हे कंपनीला मान्य झालं नाही. त्यावर देशाच्या अर्थमंत्री काय म्हणाल्या? ताण सोसण्याचं आंतरिक बळ घरातून शिकवलं पाहिजे. टीका झाल्यावर, मृत मुलीला दोष देण्याचा हेतू नव्हता असा खुलासा त्यांनी केला. हेतूबद्दल मी वाद घालत नाही. पण लेक गमावलेल्या आईसमोर राज्यकर्त्यांच्या तोंडी पहिला विचार आला तो मुलीच्या सोसण्याचा. कार्यालयाच्या वागण्याचा आला नाही. ही एका मंत्र्याची चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती आपल्या सगळ्यांची विचार करायची रीत झाली आहे.

कामगार विभागाने त्या कार्यालयाची तपासणी केली तेव्हा दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणीच नसल्याचं समोर आलं. राज्याच्या २०१७ च्या त्या कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा होती. तिची अंमलबजावणी कडक होईल असं एखाद्या भाबड्या माणसाला वाटलं असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. तास वाढवायचे आणि मन खंबीर करण्याचे वर्ग लावायचे, हे सरळसरळ फसवणुकीचं गणित आहे. थकलेल्या माणसाची चिडचिड हा त्याच्या स्वभावाचा दोष नसतो. त्याला विश्रांती हवी असते, आणि ती देणं मालकाच्या हातात असतं.

हाच रिवाज घरात आहे. किंबहुना तो घरातूनच कार्यालयात आला. बाबा चिडले आहेत, आवाज करू नका. आजीला वाईट वाटेल, तसं बोलू नकोस. भाऊ दमून आलाय, आत्ता काही विचारू नकोस. घरातल्या प्रत्येकाच्या मनाचा अंदाज घेण्याची शिकवणी मुलीला कळायला लागल्यापासून मिळते. मुलाला ती मिळत नाही, कारण त्याचा अंदाज घ्यायला घरात माणसं असतात. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं जातात असं आलं. जेवणाच्या ताटावर भांडण होऊ नये म्हणून सकाळपासून केलेली सारवासारव मात्र त्या पाहणीत मोजलेली नाही. अशा घरात वाढलेला मुलगा पुढे अधिकारी होतो आणि हाताखालच्या बायकांनी, पोरांनी आणि शिपायाने आपला मूड सांभाळावा असं त्याला मनापासून वाटतं. त्याला ते गैर वाटत नाही. त्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं की दुसऱ्याचा चेहरा वाचणं हे त्याचंही काम आहे. मुलग्यांच्या आयांनो आणि बापांनो, हे सांगण्याची जबाबदारी तुमची आहे. बँकेच्या प्रशिक्षण केंद्राने तिशीतल्या बाप्याला हे दोन दिवसांत शिकवावं, ही अपेक्षा ठेवू नका.

यावर मला हमखास विचारतात, "मग काय, सगळ्यांनी भांडत सुटायचं?" या प्रश्नातच गफलत आहे. राग गिळणं किंवा राग ओकणं, एवढे दोनच रस्ते असतात असं धरून तो विचारलेला असतो. तिसरा रस्ता या महाराष्ट्राने जगाला दाखवला आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित माणसं त्यांना बंदी असलेल्या चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. ते परत फिरत असताना, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून सवर्णांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. जेवायला बसलेल्या माणसांना मारलं. मार खाल्लेल्यांची संख्या मोठी होती, त्यांत लष्करात नोकरी केलेले गडी होते, आणि प्रतिहल्ल्याला ते उत्सुक होते. आंबेडकरांनी त्यांना थांबवलं. पण विसरून जा, सोडून द्या, असं सांगितलं नाही. हल्लेखोरांवर खटला झाला, काहींना शिक्षा झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा कोर्टात लढवत नेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. अपमान नेमका कशाचा आणि कुणी केला हे ओळखलं. त्याच्या मुळाशी काय आहे ते शोधलं. राग कुठे थांबवायचा आणि कुठे लावायचा ते ठरवलं. आणि दहा वर्षं तो विझू दिला नाही. सॅलोव्ही आणि मेयर यांनी सांगितलेल्या चारही क्षमता मला या एका लढ्यात दिसतात. ज्यांना भावनिक बुद्धिमत्ता शिकवायची आहे त्यांनी महाड शिकवावं. तिथे राग टोपलीत टाकला गेला नाही. त्याच्याकडून काम करून घेतलं गेलं.

रोजच्या कामात ही समज कशी दिसते, तेही सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये, महिलांच्या खात्यात पैसे देणाऱ्या राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले आणि शाखांमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. कर्मचाऱ्यांना शिवीगाळ, मारहाण होण्यापर्यंत गोष्टी गेल्या आणि त्या वर्षी संघटनांना संपाचा इशारा द्यावा लागला. अशाच एका सकाळी एक बाई काउंटरवर हात आपटून ओरडू लागली, "माझे पैसे बँकेने खाल्ले!" रांग तिच्या बाजूने झाली. काउंटरवरची आमची क्लार्क पोरगी आवाज न चढवता तिच्याकडे बघत होती. ती बाई ओरडताना बँकेकडे बघत नव्हती. दर वाक्याला मागे दाराकडे बघत होती. दारात तिचा नवरा उभा होता. क्लार्कने शिपायाला खुर्ची आणायला सांगितली, बाईला बाजूला बसवलं आणि विचारलं, "ताई, घरी पैशांचा हिशेब मागतायत का?" बाईचा आवाज बसला. तिने मान हलवली. आधार नंबर टाकून पाहिल्यावर कळलं की तिचं आधार दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं. बचत गटासाठी कधीतरी उघडलेलं खातं, ती विसरूनही गेली होती. पैसे तिथे जमा झाले होते. क्लार्कने त्या बँकेचं नाव चिठ्ठीवर लिहिलं, खाली शाखेचा शिक्का मारला आणि म्हणाली, "हे घरी दाखवा. पैसे तुम्ही खर्च केले नाहीत, हे यावरून कळेल."

रागाखालची भीती तिने ओळखली, कारण शोधलं आणि त्या भीतीवर चालेल असा शिक्क्याचा कागद हातात दिला. गोड बोलून बोळवण केली नाही. त्या महिन्याच्या आढाव्यात हीच मुलगी विमा पॉलिसींच्या 'शून्य' यादीत होती आणि व्हीसीवर तिला उभं करून कारण विचारलं गेलं. जिला वर्ग घ्यायला बसवायला हवं होतं तिला खुलासा लिहायला बसवलं.

ही समज वाढवता येते, आणि त्याला रंगीत कागद लागत नाहीत. पहिली सवय, भावनेला नेमकं ओळखण्याची. 'मला राग आलाय' यावर थांबू नका. तो अपमान आहे, की अन्यायाची चीड, की नोकरी जाण्याची धास्ती, की नुसती भूक आणि थकवा? प्रत्येकाचा इलाज वेगळा. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या चमूने २००७ साली लोकांना भावना दाखवणारे चेहरे बघायला देऊन मेंदूचं चित्रण केलं. त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असं त्यांना दिसलं. दुसरी सवय, समोरच्याला विचारण्याची. चेहरा वाचता येतो या घमेंडीत आपण किती जणांबद्दल गैरसमज करून बसतो! "तुम्ही आज गप्प आहात, माझं काही चुकलं का?" हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. तिसरी सवय, कारण दूर करण्याची. रोज संध्याकाळी ५ नंतर शाखेत भांडणं होत असतील तर माणसांचे स्वभाव तपासण्याआधी ५ नंतर तिथे कुठलं काम येऊन पडतं ते तपासा.

आणि अधिकाऱ्यांसाठी चौथी, सगळ्यांत अवघड: वाईट बातमी ऐकून घेण्याची. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयातल्या चमूंचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या चमूंत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे चुका सांगायची भीती नव्हती, म्हणून त्या कागदावर येत होत्या. भीतीच्या राज्यात चुका लपतात आणि वाढतात. ज्या शाखेत मॅनेजरला सगळं आलबेल आहे असंच ऐकू येतं, त्या शाखेची तपासणी मी सगळ्यांत आधी करीन.

माझ्या मागण्या साध्या आहेत. भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण वरून खाली यावं. विभागीय प्रमुखाने ते पूर्ण केल्याशिवाय त्याच्या हाताखालच्या कुणालाही त्यासाठी बोलावू नये. बढतीआधी हाताखालच्यांचं मत नाव गुप्त ठेवून घ्यावं आणि त्याला टार्गेटइतकंच वजन द्यावं. प्रत्येक व्हीसीचं रेकॉर्डिंग ठेवावं आणि ते संघटनेला ऐकायला मिळावं. कामाच्या वेळेनंतर आकडे विचारणारा फोन हा गैरवर्तन मानावा. एखाद्या साहेबाच्या हाताखालून बदलीचे अर्ज ढिगाने येत असतील तर चौकशी अर्जदारांची न करता साहेबाची करावी. यातल्या एकाही मागणीला मोठा खर्च नाही. खर्च आहे तो फक्त वरच्यांच्या अहंकाराचा, आणि तो त्यांनी सोसावा. खालच्यांनी आजवर पुष्कळ सोसलं आहे.

ज्यांच्या हाताखाली आज चार माणसं आहेत त्यांना शेवटचं सांगते. ज्याला तुम्ही चारचौघांत बोललात त्याची माफी केबिनमध्ये बोलावून, खांद्यावर हात ठेवून मागू नका. चारचौघांतच मागा, त्याच व्हीसीवर, त्याच लोकांसमोर. ते जमत नसेल तर माणसांवरचं पद सोडा आणि फायलींचं काम मागून घ्या. माणसं तुमच्या हाती सोपवण्याइतके तुम्ही अजून मोठे झालेले नाही.